घरात जुलाब-उलट्या सुरू झाल्यावर: जलसंजीवनी, पेज आणि पहिले दोन दिवस

जुलाब लागले की घरात पहिली धावपळ होते ती जुलाब बंद करणाऱ्या गोळीसाठी. पण साध्या जुलाबात जीव धोक्यात येतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. बहुतेक जुलाब तीन ते सात दिवसांत आपोआप कमी होतात. तोवर जितकं पाणी बाहेर जातंय तितकं आत घालत राहणं, हे आपलं काम. ते घरी नीट करता येतं, फक्त मापं अचूक हवीत आणि दवाखाना कधी गाठायचा हे पक्कं माहीत हवं.

पहिल्यांदाच आईबाबा झालेले, घरापासून लांब खोली करून राहणारे विद्यार्थी, वयस्कर आईवडिलांना एकट्याने सांभाळणारे, अशांसाठी हे क्रमाने लिहिलं आहे.

आधीपासून घरात काय असावं

- जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, १ लिटरची किमान ४ पाकिटं. मुदत बघून ठेवा. पावडर दगडासारखी झाली असेल किंवा तपकिरी पडली असेल तर ते पाकीट टाकून द्या.
- १ लिटरची खूण असलेली स्वच्छ बाटली किंवा भांडं.
- ५ मिलीचा चमचा. मुलांच्या सिरपच्या बाटलीवरचं मोजमापाचं टोपण उत्तम; त्यावर २.५ आणि ५ मिलीच्या रेषा असतात.
- बारीक मीठ, साखर, तांदळाची कणी, मुगाची डाळ.
- थर्मामीटर.
- घरात लहान मूल असेल तर झिंकच्या विरघळणाऱ्या गोळ्या. मुलांसाठी ओआरएस आणि झिंक अंगणवाडी, आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मोफत मिळतं.
- मुलाचं अलीकडचं वजन, चालू औषधांची यादी आणि लसीकरण कार्ड एकाच पिशवीत. दवाखान्यात पहिले प्रश्न यावरच येतात.

१. काहीही पाजण्याआधी रुग्णाकडे नीट बघा

दोन मिनिटं द्या. मूल हसतंय, खेळतंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तोंड ओलं आहे, तर घरी सुरुवात करायला हरकत नाही.

मूल किरकिरं झालंय, डोळे खोल गेलेत, पाणी दिसलं की अधाशासारखं ओढून घेतंय, याचा अर्थ पाणी बऱ्यापैकी कमी झालंय. अशा वेळी पोटाची त्वचा तपासा. बेंबी आणि कुशीच्या मधोमध अंगठा व तर्जनीने त्वचेची उभी घडी उचला, क्षणभर धरा आणि सोडा. निरोगी मुलाची घडी लगेच सपाट होते. ती सावकाश बसत असेल तर जलसंजीवनी सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी उभी राहिली तर हा आणीबाणीचा प्रसंग आहे. फार रोड किंवा फार गुटगुटीत मुलात आणि म्हाताऱ्या माणसांत ही तपासणी फसवी ठरते. त्यांच्या बाबतीत लघवी, तोंडाचा ओलावा आणि शुद्ध यांच्यावर भिस्त ठेवा.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका:

- मूल सुस्त, हाक मारली तरी जागं न होणारं, किंवा पिऊच शकत नाही असं
- शौचात रक्त
- प्यायलेलं सगळंच उलटून पडणं, किंवा हिरवी उलटी
- झटके
- पोट फुगून कडक होणं
- लहान मुलात सहा तास, मोठ्यांत आठ तास लघवी नाही
- तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे मोठमोठे जुलाब, पाय वळणं
- दोन महिन्यांच्या आतलं बाळ, मग बाकी काहीही दिसत नसलं तरी

दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच दिवशी दाखवावं. गरोदर बाई, सत्तरीपुढची माणसं, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी पहिल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. वाटेतही, रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर, चमच्याने पाजणं सुरू ठेवा.

२. पाकिटाची जलसंजीवनी बनवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दिसायला सोपं काम असल्यामुळे कोणी पाकिटामागचा मजकूर वाचत नाही.

आधी हात साबणाने धुवा. पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि मगच मोजा. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यात पूर्ण पाकीट एकदम ओता. पावडर दिसेनाशी होईपर्यंत ढवळा. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, ती एका पेल्याला एक.

पेलाभर पाण्यात थोडी पावडर टाकून उरलेली घडी घालून ठेवणं हा नेहमीचा घोळ आहे. पाकिटात मीठ, ग्लुकोज आणि बाकीचे क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, त्यामुळे अर्ध्या पावडरीत मीठ किती आलं हे कळायला मार्ग नसतो. त्याहून वाईट म्हणजे लिटरभर पाण्याचं पाकीट एका पेल्यात घोळणं. असं दाट पाणी आतड्यात उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं आणि लहान मुलाला झटके येऊ शकतात. पाणी जास्त झालं तर क्षार पुरेसे मिळत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. एकूण २०.५ ग्रॅम. खरेदी करताना पाकिटामागे हे आकडे पडताळून बघा. ग्लुकोज तिथे चवीसाठी किंवा ताकदीसाठी नाही. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट बऱ्याच अंशी उघडी राहते, म्हणून नुसतं पाणी जिथे तसंच बाहेर पडतं तिथे हे द्रावण अंगी लागतं. साखर वाढवली की तोल बिघडतो.

या साध्या मिश्रणाचं मोल १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत दिसलं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, घरच्यांचेच होते. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तयार केलेलं द्रावण झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या, कारण त्यात जंतू वाढतात. बनवल्यानंतर ते उकळू नका. दूध, चहा, सरबत, फळांचा रस यांत पावडर मिसळू नका. मुलाला चव आवडत नसेल तर गार करून द्या.

दुकानात खोक्यातलं तयार पेय हातात ठेवतात, तिथे जपा. साखर भरपूर आणि क्षार कमी अशी पेयं वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून खपली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. तरी नावावर न जाता घटक वाचायची सवय लावा. ग्लुकोज पावडर, खेळाडूंची पेयं आणि पांढरं शीतपेय यांपैकी काहीही जलसंजीवनीची जागा घेत नाही.

३. पाकीट नसेल तर: साखर-मीठ-पाणी

रात्री दोन वाजता दुकान बंद असतं, म्हणून हे माप पाठच करून ठेवा:

१ लिटर उकळून गार केलेलं पाणी
साखर: ६ सपाट छोटे चमचे
मीठ: अर्धा सपाट छोटा चमचा

इथे चमचा म्हणजे ५ मिलीचा. आपल्या डब्यांतले चमचे लहान-मोठे असतात, पोह्यांचा चमचा तर चांगलाच मोठा. म्हणून सिरपचं टोपण कोरडं पुसून वापरा. साखर ५ मिलीच्या रेषेपर्यंत सहा वेळा, मीठ २.५ मिलीच्या रेषेपर्यंत एकदाच. चमचाच वापरायचा असेल तर भरून घ्या आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करा. शीग लावलेल्या चमच्यात मीठ जवळजवळ दुप्पट येऊ शकतं. मीठ बारीकच घ्या, खडेमिठाचं माप जुळत नाही.

आधी फक्त मीठ विरघळवा आणि चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते पाणी ओतून द्या आणि पुन्हा बनवा. बरोबर लागलं तर साखर घाला. चिमटीने माप घेण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, पण प्रत्येकाची चिमूट वेगळी. चमचा असताना चिमटीवर जाऊ नका.

या घरगुती द्रावणात पोटॅशियम नसतं. ते शहाळ्यातून, केळ्यातून, वरणातून भरून काढा. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे नुसत्या शहाळ्यावर रुग्णाला ठेवू नये. लिंबू थोडं पिळलं तर बिघडत नाही. पाकीट मिळालं की लगेच पाकिटावर या.

४. किती आणि कसं पाजायचं

प्रत्येक पातळ जुलाबानंतर:

- २ वर्षांच्या आत: ५० ते १०० मिली
- २ ते १० वर्षं: १०० ते २०० मिली
- त्यापुढे आणि मोठी माणसं: एक-दोन पेले, तहान असेल तर आणखी

मधल्या वेळात मागेल तेव्हा साधं पाणीही द्या. पाणी आधीच बऱ्यापैकी कमी झालं असेल तर आरोग्य केंद्रात किलोमागे ७५ मिली या हिशेबाने चार तासांत देतात, म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिली. हे माप आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नजरेखालीच पाळावं.

लहानग्यांना वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. दुधाची बाटली वापरू नका. तिच्या बुचात घाण अडकते आणि मूल घाईघाईने ओढून उलटी करतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एकही वेळ बंद करू नका, उलट जास्त वेळा घ्या.

पाजताना मुलाच्या पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर जलसंजीवनी थांबवा, साधं पाणी किंवा आईचं दूध द्या आणि डॉक्टरांना कळवा.

मधुमेह असलेले लोक जलसंजीवनीला घाबरतात. पेलाभर योग्य ओआरएसमध्ये जेमतेम २.७ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते नाकारून कोरडं पडण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. घ्यावं, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंग कोरडं पडलेलं असताना त्रास देऊ शकतात. त्या चालू ठेवायच्या की एक-दोन दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा; स्वतः ठरवू नका. पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचं प्रमाणही त्यांच्याकडूनच घ्या.

५. उलटी होतेय, तरी पाजायचं का?

हो. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण हिशेब बघा: दर दोन मिनिटांनी ५ मिली दिलं तरी तासाला १५० मिली पोटात जातं. पेला तोंडाला लावून घटाघटा पाजलं की ताणलेलं पोट सगळं परत फेकतं, आणि घरचे म्हणतात, "याच्या पोटात काही टिकतच नाही." चमचा टिकतो. चमच्यानेही टिकत नसेल तर दवाखाना.

६. उपाशी ठेवू नका

"पोटाला आराम द्या" हा सल्ला मोठ्या प्रेमाने दिला जातो आणि मुलांचं वजन त्यातच घटतं. आतड्याचं अस्तर भरून यायला अन्न लागतं. सहा महिन्यांपुढच्या मुलाला चार तासांत पुन्हा खायला मिळालंच पाहिजे, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा.

*मीठ घातलेली पेज.* अर्धी वाटी तांदळाची कणी धुऊन सात वाट्या पाण्यात जाड बुडाच्या पातेल्यात चढवा. उकळी आली की आच मंद करा आणि पाऊण झाकण ठेवून २५ ते ३० मिनिटं शिजवा. मधून ढवळा, नाहीतर कणी तळाला धरते. दाणा बोटांनी सहज चुरडला गेला की रवीने घोटा. उकळलेलं पाणी घालून एकूण १ लिटर करा आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घाला. तांदळाचा स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोजमध्ये बदलतो, म्हणून पेज पाणी शोषून घ्यायला खरोखर मदत करते. कोकणातल्या घरांना ती नवी नाहीच. कुकरमध्ये करू नका, फेस शिट्टीत अडकतो. बाहेर ठेवलेली पेज सहा-आठ तासांत आंबते, तेव्हा ताजी करा.

*मऊ मूगखिचडी.* दोन भाग तांदूळ, एक भाग सालाशिवायची मूगडाळ, सहापट पाणी, चिमूटभर हळद, हिंग, जिरं. कुकरला चार-पाच शिट्ट्या. वाढताना अर्धा चमचा तूप घालून मळा. तुपाने पोट बिघडेल ही भीती सोडा. आजारात मूल दोनच घास खातं, त्या दोन घासांत ताकद हवी.

*ताक.* ताज्या, गोड दह्याचं. एक भाग दही, तीन भाग उकळून गार केलेलं पाणी, थोडं मीठ, भाजलेली जिरेपूड. आंबट दही नको. बाहेरच्या बर्फाचं तर नकोच.

पिकलेलं केळं, उकडलेला कुस्करलेला बटाटा, दहीभात, नाचणीचं सत्त्व, हेही चालतं. डाळीचं नुसतं वरचं पाणी देऊन जेवण झालं असं समजू नका. त्यात पाणीच जास्त, खालची घट्ट डाळ द्या. तिखट, तळलेलं, खूप गोड, खोक्यातले रस आणि कडक चहा-कॉफी दोन-तीन दिवस बाजूला. वरचं दूध पिणाऱ्या मुलाचं दूध पाणी घालून पातळ करू नका.

७. झिंक आणि औषधांचे सापळे

मुलांना जलसंजीवनीच्या जोडीला झिंक द्यायचं असतं: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत रोज २० मिलीग्रॅम. गोळी चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात आपोआप विरघळते, खलायची गरज नाही. १४ दिवस पूर्ण करा. बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्याही थांबतात. उरलेल्या दिवसांचं झिंक पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब टाळायला उपयोगी पडतं.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, लहान मुलांना कधीच देऊ नये. मोठ्यांनीही शौचात रक्त किंवा ताप असताना घेऊ नये. आतड्याची हालचाल थांबते, जंतू आणि विष आतच राहतं. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स तर अजिबात नको. लहान मुलांचे बरेचसे पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यावर या गोळ्या चालत नाहीत. आणि रक्ती आवेत कोणतं औषध चालेल ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

८. घरातल्या बाकीच्यांना जपा

शौचानंतर, बाळाचं धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवायचे, किमान वीस सेकंद. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते असं समजून ती मोरीत धुतली जाते. ती संडासातच टाका. लंगोट उघड्या कचऱ्यात नको. रुग्णाचा पेला, चमचा वेगळा. ज्याला जुलाब होतायत त्याने थांबल्यानंतरचे दोन दिवस धरून स्वयंपाकघरात हात घालू नये. पिण्याच्या हंड्यात वाटी बुडवू नका, लांब दांड्याचा ओगराळा वापरा. आळीत एकाच वेळी चार घरांत जुलाब सुरू झाले तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. पावसाळ्यात फुटलेली जलवाहिनी अशीच सापडते.

रोटाव्हायरस या जुलाब करणाऱ्या विषाणूवरची लस सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत असते. कार्डावर ती राहिली असेल तर बाळ बरं झाल्यावर विचारून घ्या. उशिरा देण्याला वयाची मर्यादा आहे.

९. जुलाब थांबल्यावर

पुढचे दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जास्तीचं द्या आणि पंधरा दिवसांनी वजन करा. मोठ्यांनी पहिल्याच दिवशी मिसळ किंवा लग्नाच्या पंगतीत बसू नये. काही मुलांना आठवडाभर दुधाने पोट फुगतं, शी पातळ होते. त्यांना दह्या-ताकावर ठेवा, पण अंगावरचं दूध चालूच. जुलाब १४ दिवसांपुढे गेले तर तो वेगळा आजार समजून तपासण्या करून घ्या. वापरलेल्या पाकिटांच्या जागी नवी आणून ठेवा.